पाय लागला

जावझनदुलामनं माझा नकाशा घडी करून
चुलीमागच्या पेटीवर ठेवून दिला
आणि माझ्या हातात दिला वीस लिटरचा निळा कॅन.
चल, असं नुसतं मानेनं.
तिची लेक तीन वर्षं पुण्यात माझ्या वरच्या मजल्यावर राहिली,
तेवढ्या ओळखीवर मी उलानबातरमध्ये.
आमच्या दोघींत मिळून शब्द विसेक.

त्याआधी चहा. पहिली पळी आभाळाची.
दाराबाहेर उभी राहून तिनं ती वर भिरकावली,
उणे अठरात,
थेंब खाली आलेले मला दिसले नाहीत.
दुसरी पळी माझी. दूध आणि मीठ.
जिभेनं साखर शोधली, थोडी रुसली,
मग पिऊ लागली.

टेकडीवरच्या या वस्तीत नळ नाही.
खाली पाण्याची टपरी, खिडकीतली बाई
कार्ड घेते, पाणी सोडते, वर बघत नाही.
शहर त्याच्याही खाली, कोळशाच्या धुरात बुडालेलं,
वर निघालेल्या दोन चिमण्या आणि एक क्रेन.
रांगेत माझ्यापुढे शेजारचा पोरगा.
नाव विचारलं तर म्हणाला, बिलगून.
मी पुन्हा विचारलं. बिलगून.
त्यांच्यात त्याचा अर्थ शहाणा, हे नंतर कळलं.
आमच्यातला अर्थ त्याला कसा सांगणार,
तो तर तेव्हा ढकलगाडीवरच्या कॅनला
दोन्ही हातांनी बिलगून चढ चढत होता.
माझं पाणी हिंदकळलं.
घरी पोचेपर्यंत सलवारीचा एक पाय
तळणीआधीच्या पापडासारखा.

मग बस. तिथे मी एका आजोबांच्या बुटावर
चांगली पूर्ण वजनानिशी उभी राहिले.
अगं बाई, हे माझ्या तोंडून मराठीत,
आणि हात आपोआप खाली,
शिवून कपाळाला लावायला,
जसा जातो पुस्तकाला, माणसाला, कुणालाही पाय लागला की.
अर्ध्या वाटेत त्यांनी तो पकडला.
एकदा हलवला. सोडला.
आणि खिडकीवरचं बर्फ नखानं खरवडू लागले.

जावझनदुलाम हसली, इतकी की डोळे पुसले.
सोलला फोन लावला, लेकीला झोपेतून उठवलं.
काकू, नोमिनदारी जांभई देत म्हणाली,
पाय लागला की तिथल्या तिथे हात मिळवायचा.
नाहीतर भांडण राहतं.

दिवसभर तिनं प्रेक्षणीय असं काही दाखवलं नाही.
विजेचं बिल. बुटाचा तळवा,
एका लोखंडी कंटेनरमध्ये बसलेल्या मोच्याकडे;
तो शिवेपर्यंत तिघांत एक सिगारेट फिरली,
मी फक्त पुढे दिली.
खानावळीत बूझ, उकडलेले,
मोदकाचे मांस खाणारे मावसभाऊ.
मी सवयीनं कळ्या मोजल्या. कुणाच्या सारख्या नव्हत्या.
आधी भोक पाडून रस प्यायचा असतो,
हे मला बाही भिजल्यावर कळलं.
मठाबाहेर तिनं कबुतरांना दाणे टाकले,
पण लक्ष तिकडे नव्हतं,
लोकरीचे मोजे विकणारीशी भाव चालला होता.
कमी झाला नाही. तरी घेतले. माझ्या मापाचे.

संध्याकाळी उंबऱ्यावर पाय न देता आत आले,
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.
सकाळच्या पाण्यातलं एक भांडं तिनं मला तोंड धुवायला दिलं.
एवढ्याशा पाण्यात तोंड, मान, हात,
आणि उरलेल्यात रुमाल.
चढ अजून खांद्यात होता.

रात्री चूल निवली म्हणून उठले,
अंधारात पाय कशाला तरी लागला.
तिच्या पायाला.
ती जागी झाली की नाही, माहीत नाही.
पण दुलईतून एक हात बाहेर आला,
गरम, खडबडीत, अर्धवट उघडा.
मी तो धरला, एकदा हलवला.
आणि मग तिला दिसणार नाही अशा बेतानं
बोटं कपाळाला लावली.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
मी कोळसा शोधू लागले.